चौदा माणसं आणि पाऊण तास उजेड: फॅमिली फोटोच्या तयारीतलं विज्ञान

आमच्या देहूच्या घरात आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, हार घातलेला जो फोटो आहे, तो ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आहे. कान धूसर, डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. आबांनी आयुष्यभर वारी केली. घरात लग्नं झाली, बारशी झाली, दर बीजेला सगळं गणगोत जमायचं आणि मोबाईल तर प्रत्येकाच्या हातात. तरी ते गेले तेव्हा त्यांचा एक धड फोटो सापडला नाही. सगळ्यात जास्त आशा होती ती एका बीजेच्या ग्रुप फोटोवर. त्यात आबा बरोबर मध्ये बसलेत. धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी, सगळं लख्ख. आणि टोपी व सदरा यांच्यामध्ये एक काळा डाग. तो डाग म्हणजे आबांचा चेहरा.

यंदा बीजेच्या आधी आजी मला म्हणाली, "माझा एक बरा फोटो काढून ठेव गं. नंतर शोधत बसाल." ती हे भाजी निवडता निवडता म्हणाली. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की माझी पीएचडी प्रकाशाच्या विकिरणावर आहे. द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर लेझर सोडायचा आणि विखुरलेला प्रकाश डिटेक्टरवर मोजायचा, हे माझं रोजचं काम. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणालाच, "प्रकाशावर पीएचडी करतेस आणि घरातला एक फोटो धड निघत नाही?" मुद्दा बरोबर होता. म्हणून या वेळचा लेख माझ्या प्रबंधातल्या एखाद्या आलेखावर नाही. घरच्या घरी, मोबाईलवर फॅमिली फोटो काढायचा असेल तर आधी काय तयारी करायची आणि त्यामागचं कारण काय, त्यावर आहे.

आबांच्या फोटोत नेमकं काय बिघडलं?

पहिली चूक वेळेची. बीजेला दुपारी बारा वाजता नांदुरकीच्या झाडापाशी फुलं उधळली जातात. मग माणसं घरी येतात, पंगती बसतात, आणि सगळे एकत्र सापडतात ते एकच्या सुमारास. फोटो तेव्हाच काढला जातो. आता गंमत बघा. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. देहू त्याच्या पश्चिमेला जवळपास पावणेनऊ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या ३५ मिनिटं मागे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे मार्चमध्ये आणखी दहाएक मिनिटांची भर पडते. म्हणजे बीजेच्या दिवसांत देहूत सूर्य सर्वात उंच असतो तो पाऊण वाजता, आणि उंची असते सुमारे ६८ अंश. आम्ही बरोब्बर सगळ्यात वाईट वेळ निवडत होतो.

सूर्य इतका उंच असला की कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, पण भुवयांच्या खाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. डोळे खोबणीत बुडून जातात. वर सगळे डोळे बारीक करून बघत असतात, ते वेगळंच.

दुसरी चूक कॅमेऱ्याची, पण ती समजून घेण्यासारखी आहे.

कॅमेरा सरासरी काढतो

समोर काय आहे हे कॅमेऱ्याला मुळात कळत नाही. फोटो किती उजळ करायचा हे ठरवायला जुनी आणि अजूनही पायाभूत असलेली युक्ती अशी: समोरच्या दृश्याची सरासरी ही मध्यम करडी आहे असं धरून चालायचं. फोटोग्राफीत त्यासाठी १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा करडा रंग प्रमाण मानतात. दृश्यात बरंच पांढरं असेल तर कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार आहे, कमी करू या. मग पांढरं जरा करडं होतं आणि जे आधीच गडद असतं ते काळं पडतं.

आमच्या फोटोत पुढच्या रांगेत चार म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्यांत होती आणि मागे चुन्याची भिंत. पांढरं कापड त्यावर पडलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतं. उन्हातान्हात रापलेली सावळी त्वचा त्याच्या कितीतरी पट कमी पाठवते. त्यात चेहरा सावलीत. कॅमेऱ्याने धोतर सांभाळलं आणि आबांना सोडून दिलं.

आजचे फोन चेहरा ओळखतात आणि तिथला उजेड जास्त मोजतात, वेगवेगळ्या उजळपणाचे अनेक फोटो घेऊन ते एकत्रही करतात. तरी कडक उन्हात, पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत त्यांचीही फसगत होते. उपाय सोपा आहे: स्क्रीनवर सर्वात गडद चेहऱ्यावर बोट टेकवा, आणि जी सूर्याची खूण किंवा पट्टी दिसते ती थोडी वर सरकवा. भिंत पांढरीफटक झाली तरी चालेल. भिंतीचा फोटो कुणाला हवा आहे?

"नंतर एडिट करू" असं मात्र म्हणू नका. मी आबांचा तो चेहरा उजळायचा खूप प्रयत्न केला. चेहऱ्याऐवजी रंगीत ठिपके वर आले. याचं कारण मला माझ्या प्रयोगशाळेत रोज भेटतं. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एखाद्या जागी सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर त्यात वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा चढउतार असतो: १ टक्का. पण सरासरी १०० च पडणार असतील तर चढउतार १० चा: १० टक्के. अंधाऱ्या भागात माहिती कमी आणि गोंगाट जास्त. उजळवताना दोन्ही सारखेच मोठे होतात. त्यात फोटो साठवताना फोन आकसतो, तेव्हा गडद भागातले बारकावे आधी जातात. जो प्रकाश कॅमेऱ्यात शिरलाच नाही, तो नंतर कुठून आणणार?

सावळ्या चेहऱ्यांचा जुना प्रश्न

"आम्ही काळे, त्यामुळे फोटो चांगले येत नाहीत" असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. माझी आत्या अजून म्हणते. त्यामागे थोडा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीकडून नमुना म्हणून एका गोऱ्या बाईचा फोटो मिळायचा. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा बरोबर दिसली की लॅबचं काम बरोबर. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. त्यांना कोडॅकच्या जुन्या लोकांकडून असं कळलं की फिल्म गडद छटांसाठी सुधारण्यामागे एक मोठं कारण होतं फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारी. लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा फोटोत नीट वेगळ्या दिसत नव्हत्या.

२०२२ मध्ये गूगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली दहा छटांची पट्टी स्वीकारली, ती अशाच उणिवा तपासायला. थोडक्यात, दोष आत्याच्या रंगात नव्हता. मोजमाप ज्या नमुन्यावर बेतलं होतं, त्यात होता. हे आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पावडर लावू नको?" मी म्हटलं, लाव, पण हाताला आणि मानेलाही लाव.

'गोल्डन अवर' देहूत तासाचा नसतो

फोटोग्राफर सांगतात, सूर्यास्ताच्या आधीचा तास सोन्यासारखा. हे दोन कारणांनी खरं आहे. सूर्य खाली आला की त्याचे किरण वातावरणातून जास्त लांबचा प्रवास करतात. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असताना हवेचा थर डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत साडेपाच पटीहून जास्त जाड लागतो, आणि क्षितिजाला टेकताना ३८ पटीच्या आसपास. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा चौपट वगैरे जास्त विखुरतात. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये हे गणित मांडलं. लांबच्या वाटेत निळा गळत जातो, उरतो पिवळा-केशरी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सरळ येणारं ऊन कमी होतं, पण आकाशातून सगळीकडून येणारा विखुरलेला प्रकाश त्या मानाने टिकून असतो. त्यामुळे ऊन आणि सावली यांतला फरक घटतो आणि डोळ्यांखालच्या सावल्या मऊ होतात.

पण 'तास' हा शब्द आला युरोप-अमेरिकेतून. सूर्य क्षितिजाकडे किती तिरका उतरतो हे अक्षांशावर अवलंबून असतं. मी हिशोब केला. देहू साधारण १८.७ अंश उत्तरेला आहे. मार्चमध्ये सूर्य १० अंशांवरून क्षितिजापर्यंत यायला इथे सुमारे ४२ मिनिटं लागतात. लंडनला त्याच दिवशी तासाहून थोडी जास्त आणि जूनमध्ये तर सव्वा तास. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली पडतो. पश्चिमेला डोंगर किंवा उंच इमारत असेल तर आणखी पाच-दहा मिनिटं गेली. आपल्या पट्ट्यात रस्त्यांची धूळ आणि धूर पुष्कळ. हे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून क्षितिजाजवळ सूर्य सोनेरी न होता नुसता मळकट होतो.

म्हणून इंटरनेटवरचा सल्ला वाचून "तासभर आहे की" असं म्हणू नका. बीजेच्या दिवसांत देहूत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. म्हणजे तुमचा वेळ सहा ते पावणेसात. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणजे सव्वापाच ते सहा. साड्या नेसणं, पोरांना खाऊ घालणं, चष्मे पुसणं हे सगळं त्याच्या आधी संपलं पाहिजे.

आणि पाऊण तास जमतच नसेल तर? मोकळी सावली शोधा. ओसरी, पत्र्याच्या शेडची कड, घराची उत्तरेकडची बाजू: डोक्यावर थेट ऊन नाही, पण समोर आकाश मोकळं दिसतंय अशी जागा. समोर जमिनीवर पांढरी चादर अंथरा. ती आकाशाचा प्रकाश खालून वर फेकते आणि हनुवटीखालचा, डोळ्यांखालचा अंधार भरून काढते. आबांच्या फोटोत ज्या पांढऱ्याने घात केला, तेच पांढरं इथे कामाला येतं.

डोळे मिटणाऱ्यांचं गणित

चौदा माणसांच्या फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. का? ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतले पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचं गणित केलं आणि त्यांना २००६ चं गणितातलं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात.

गणित तुम्हीही करू शकता. फोटोला उभा असलेला माणूस मिनिटाला साधारण १० वेळा पापणी मिटतो, दर वेळी सुमारे पाव सेकंद. म्हणजे ६० सेकंदांतले अडीच सेकंद डोळे मिटलेले: जवळपास ४ टक्के. एकट्याचे डोळे उघडे असण्याची शक्यता ९६ टक्के, फारच छान. पण चौदा जणांचे एकाच वेळी उघडे असण्याची? ०.९५८ ला स्वतःनेच चौदा वेळा गुणा. उत्तर येतं ०.५५. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

पाच फोटो काढले तर पाचही बिघडण्याची शक्यता ०.४५ चा पाचवा घात, म्हणजे २ टक्क्यांहून कमी. त्यांनी दिलेला सोपा नियम असा: वीसपर्यंत माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी उजेडात २ ने. तेवढे फोटो काढा. चौदा जणांना उजेडात ५, संध्याकाळी ७.

यात एक मेख आहे. हे गणित फोटो एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरतं. बटण दाबून धरलं आणि फोनने सेकंदाला दहा फोटो काढले, तर एकाच मिटलेल्या पापणीत दोन-तीन फोटो सापडतात. दहा फोटो दहा संधींइतके ठरत नाहीत. म्हणून दर फोटोमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या. फ्लॅश तर नकोच, तो सगळ्यांना एकदम डोळे मिटायला लावतो.

लांब उभे राहा

हात लांब करून सेल्फी काढला की नाक मोठं दिसतं, हा भास नाही. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं भौमितिक मॉडेल मांडलं: १२ इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून घेतलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. कारण सरळ आहे. जवळची वस्तू मोठी दिसते आणि इतक्या जवळून नाक कानांपेक्षा बरंच पुढे असतं.

ग्रुपमध्ये हेच रांगांना लागू होतं. कॅमेरा पुढच्या रांगेपासून २ मीटरवर आणि मागची रांग त्याच्या १ मीटर मागे असेल, तर मागचे चेहरे पुढच्यांच्या दोन तृतीयांशच दिसणार. कॅमेरा ५ मीटरवर नेला तर तेच प्रमाण पाच षष्ठांश. म्हणून मागे सरका आणि थोडं झूम करा. सगळे मावावेत म्हणून फोनची ०.६ वाली रुंद लेन्स वापरू नका. त्यात कडेची माणसं ताणली जातात, आणि कडेला नेहमी घरातल्या सुनाच उभ्या असतात.

कपड्यांबद्दल थोडक्यात. सगळ्यांनी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेच पाहिजेत असं काही विज्ञान सांगत नाही. फक्त बारीक चौकटीचे किंवा बारीक रेघांचे शर्ट टाळा. कापडाची जाळी आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलची जाळी एकमेकांवर पडली की फोटोत नसलेले पट्टे उमटतात. एकावर एक दोन मच्छरदाण्या धरून बघा, तसंच दिसतं.

"मी फोटोत बरी दिसत नाही"

हे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं आणि फोटोतून पळ काढतं. आमच्याकडे आई. १९७७ मधला एक छान प्रयोग आहे. मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी काही बायकांना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या: एक सरळ, एक आरशातल्यासारखी उलटी. बहुतेकींना स्वतःची उलटी प्रत आवडली आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, बाकीचे आपल्याला समोरून बघतात. ज्याची सवय, ते बरं वाटतं. फोटोतली आई आईला परकी वाटते, पण आम्हाला तीच आमची आई वाटते. हे सांगितल्यावर ती उभी राहिली. कुरकुरत, पण राहिली.

मग काय झालं?

फोटो बीजेच्या दुसऱ्या दिवशी, घराच्या ओसरीत काढायचं ठरलं. घाटावर गर्दी होती आणि आजीचे गुडघे पायऱ्या उतरू देत नाहीत. बाबा पहिली पाळी करून आले. काका चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि सहा वीसला पोचले, म्हणजे आमच्या ४२ मिनिटांतली निम्मी गेली. भाच्याने चादरीवर बिस्किटाचा चुरा केला. दादाने स्टूलवर फोन ठेवला, मी ५ मीटर मोजले, बाबांच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवला. नऊ फोटो काढले. चार फोटोंत सगळ्यांचे डोळे उघडे. गणिताप्रमाणे पाच यायला हवे होते. आत्या दर फोटोला "झालं का?" म्हणत होती, ते माझ्या गणितात नव्हतं.

शेवटची सात-आठ मिनिटं आजीसाठी ठेवली होती. तिला खुर्चीवर तुळशीजवळ बसवलं, चादर पुढे ओढली. चष्म्यावर आकाश चमकत होतं, म्हणून हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली. तिने विचारलं, "आता हसू का?" आणि हसायच्या आधीच मी बटण दाबलं.

एकच शेवटची तयारी, आणि ती फोटोनंतरची आहे: छापून घ्या. ८ बाय १० इंचांच्या चांगल्या प्रिंटला साधारण २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. तुमच्या फोनमधल्या मूळ फोटोत ते असतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो मात्र आकसलेला असतो. स्टुडिओत मूळ फाइलच द्या, किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आम्ही दोन प्रती काढल्या. ग्रुपचा फोटो भिंतीवर लागला. आजीने स्वतःचा फोटो हातात घेऊन खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "डोळे दिसतात. बरं झालं." मग तो साडीच्या घडीत घालून तिच्या ट्रंकेत ठेवला. कुठे ठेवलाय ते मला नीट दाखवून.